डॉजचं डावं चाक

शहादेव शेंडगेचं शेड गेवराईच्या जुन्या रस्त्यावर आहे. बायपास झाल्यापासून तिथली रहदारी निम्म्यावर आली, तरी शेडपुढं दोन-तीन गाड्या कायम उभ्या असतात. बहुतेक वाळूचे टिप्पर. कुणाचं मागचं फळकं वाकलेलं, कुणाचा कॅबिनचा पत्रा आत गेलेला. शहादेव पत्रा ठोकतो, त्याची बायको छबुबाई पुट्टी भरते आणि पाण्याच्या पॉलिश कागदानं घासते. घासून झालं की ती डोळे मिटून तळहात फिरवते. तिच्या हाताला जे लागतं ते शहादेवलाही दिसत नाही.

शहादेवचा बाप मेंढपाळ होता. बाजारात जनावर घेताना तो तोंडाकडं, शिंगांकडं बघायचाच नाही. मागं जाऊन उकिडवा बसायचा आणि मागचे पाय किती लांब, कसे पडतात ते बघायचा. शहादेव पत्र्याच्या कामाला लागला, पण ती खोड त्याच्यातही उतरली. गाडी आली की आधी मागच्या चाकापाशी जाऊन बसायचं. बीडला ज्या उस्तादांच्या हाताखाली तो सात वर्षं राहिला, त्यांनी तर त्याला मागच्या चाकावरून गाडीचं साल ओळखायला शिकवलं होतं. सगळ्यात जुन्या गाड्यांचं चाक पार मागच्या टोकाला आणि अंगाबाहेर, वर सायकलीसारखं सुटं मडगार्ड. मग मडगार्ड फुगलं आणि चाक हळूहळू पोटाखाली गेलं. पुढं चाकामागं गाडीची शेपटी लांबत गेली, ॲम्बॅसडरसारखं अर्धं चाक पत्र्याआड गेलं. आता पुन्हा उलटं झालंय. चाकं मोठी, चार कोपऱ्यांवर, पाय फाकून उभी.

आप्पारावांची डॉज आली ती या सगळ्याच्या मधली होती. एक्कावन्न सालची. माजलगावकडच्या बागायतदारांमधलं आप्पारावांचं घर मोठं, राजकारणातलं. त्यांच्या वडिलांनी ही गाडी हैदराबादहून आणली होती. कितीतरी वर्षं ती विहिरीच्या पंपाजवळच्या पत्र्याच्या खोलीत झाकून होती. आप्पारावांची नात राजनंदिनी, तिचं लग्न ठरलं आणि तिचा थोरला भाऊ सोमनाथ यानं गाडी बाहेर काढली. इंजिनाचं काम दुसरीकडून झालं. पत्र्याचं काम शहादेवकडं आलं.

सोमनाथनं मोबाईल पुढं धरला. परदेशातली तशीच एक जुनी गाडी होती. मागची चाकं ही एवढी रुंद, मडगार्डच्या बाहेर चार बोटं आलेली, ढुंगण वर उचललेलं.

"असं करायचं. लग्न लागलं की नवरा-नवरी यातच नारायणगडाला दर्शनाला जाणार. मागून बघणाऱ्यानं बघतच राहाया पायजे."

शहादेव मागच्या चाकापाशी बसला. मडगार्ड अजून मूळचं होतं, बोल्टनं लावलेलं, एका अंगानं फुगलेलं. पत्रा इतका जाड की बोटानं टिचकी मारली तर घंटेसारखा आवाज यायचा.

"दादा, हे कापावं लागंल. एकदा कापलं की मग पुन्हा असं व्हायचं न्हाई."

"कापा की. कावून भिता?"

"आन चाक बाहेर काढायचं म्हणजे चाकामागं चकत्या लावाव्या लागतेत."

"मागवल्यात ऑनलाइन," सोमनाथ म्हणाला. "तुमी फक्त बसवा."

चकत्या हा शब्द शहादेवनं आठ वर्षांत पहिल्यांदा तोंडातून काढला होता, आणि त्या बसवायच्या त्याला नव्हत्या. पण तो नाही म्हणाला नाही. शेड ज्या जागेवर उभं होतं ती जागा आप्पारावांच्या मेव्हण्याची. बावीस वर्षं कुणी उठ म्हटलं नव्हतं, आणि बावीस वर्षांत कागदही झाला नव्हता. लग्नाला अठरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं ग्राइंडर चालू केला आणि बंद केला. पुन्हा चालू केला. छबुबाई पलीकडं टिप्परला पुट्टी भरत होती. तिनं हातातलं पुट्टीचं पातं खाली ठेवलं. तिसऱ्यांदा ग्राइंडर चालू झाला आणि सत्तर वर्षांचं मडगार्ड फडाफडा ठिणग्या टाकत कापलं गेलं. दुपारपर्यंत दोन्ही बाजूंचं झालं.

चकती म्हणजे ॲल्युमिनियमची दोन इंच जाडीची गोल ताटली. आधी ती ड्रमवर बसवायची आणि तिच्यावर चाक बसवायचं, म्हणजे चाक तितकं बाहेर येतं. सोमनाथनं मागवलेल्या चकत्या नव्याकोऱ्या, चकचकीत होत्या. पण मधलं भोक ड्रमच्या मधोमध असलेल्या हबवर घट्ट बसेना. नखभर फट राहत होती. दुसरी गोष्ट त्याला जास्त खुपली. डॉजच्या डाव्या चाकाचे बोल्ट उलट्या आट्याचे होते. जग ज्या बाजूनं आवळतं त्या बाजूनं ते ढिले होतात. उस्ताद म्हणायचे, डावं चाक फिरतं त्या दिशेनं बोल्ट सुटू नये म्हणून कंपनीवाल्यांनी मुद्दाम तसं केलं होतं. चकतीवरचे आटे मात्र दोन्हीकडं सरळच होते. आताच्या सगळ्या गाड्यांचे सरळच असतात, त्यांची चाकं काही निखळत नाहीत, हे शहादेवलाही कळत होतं. पण एकदा मनात शिरलेलं निघेना. फट, सरळ आटे, जड रुंद चाक. जेवताना तेच. टिप्पर ठोकताना तेच.

चाकं चढवली. गाडी खरंच दांडगी दिसायला लागली. रस्त्यावरची पोरं थांबून फोटो काढायची. शहादेव दिवसातून चार वेळा पाना घेऊन नट आवळायचा. गाडी जागची हललेलीसुद्धा नसायची.

"उभ्या गाडीचे नट ढिले होतेत का?" छबुबाईनं विचारलं.

"न्हाई."

"मग?"

त्यानं पुढच्या नटाला पाना लावला. तिलाही उत्तर नको होतं, कारण तिला माहीत होतं. ते दोघांनाच माहीत होतं.

लग्नाला नऊ दिवस असताना राजनंदिनी स्वतःच शेडवर आली. औषधशास्त्र शिकलेली पोरगी, माजलगावच्या एका दुकानात बसायची. कपड्यांच्या खरेदीला निघाली होती, मध्येच उतरली. तिनं गाडीला एक फेरी मारली, मागचं दार उघडलं आणि आत बसून बघितलं. डाव्या बाजूला. बरोबर चाकाच्या वर.

"काका, मी इथंच बसणार हाय ना? लई मऊ हाय हो सीट."

शहादेव हातात पाना घेऊन उभा होता. तिनं काच खाली केली.

"काय झालं? तुमाला घाम आलाय."

"ताई, उन्हाचं."

"तुमी तर सावलीत उभे." मग तिनं सरळ विचारलं, "गाडीत काही खोट हाय का?"

आठ वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. तो तिथंच चाकाला टेकून खाली बसला आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. त्याचा मावसभाऊ भारत. आठ वर्षांमागं त्याची एक जुनी जीप होती. चाकं बाहेर पाहिजेत म्हणून तो हटून बसला होता, तेव्हा शहादेवनं लेथवर लोखंडी चकत्या कातून घेतल्या आणि बसवल्या. चार महिन्यांनी गढी गावाच्या पुढं मागचं डावं चाक निखळलं. जीप खड्ड्यात कलंडली. भारतची बायको उज्ज्वला मागं बसली होती. तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण पाय आखूडच राहिला. सगळे म्हणाले रस्ता खराब. शहादेव जीप उचलून आणायला गेला तेव्हा त्यानं मोडलेले बोल्ट बघितले. पाचही चकतीच्या तोंडाशी कातरल्यासारखे तुटले होते. ते त्यानं खिशात घातले आणि घरी येऊन छबुबाईला दाखवले. तिसऱ्या कुणाला नाही.

राजनंदिनी गाडीतून उतरली. दार हळू लावलं.

"मी आप्पांना सांगते," ती म्हणाली. "तुमी घाबरू नका."

ती गेली आणि शहादेव जास्तच घाबरला. मोठ्या घरात बोललेली गोष्ट चार भिंतींत राहत नाही. फार तर दोन दिवस, मग ती भारतच्या कानावर जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमनाथ आला. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या गाडीतून आप्पाराव. आप्पाराव शहात्तरचे, काठी टेकत उतरले आणि खुर्ची मागवून शेडच्या तोंडाशी बसले.

"तुमी माझ्या बहिणीला काय सांगितलं?" सोमनाथचा आवाज चढलेला होता. "लग्नाच्या तोंडावर अशुभ बोलता? आख्ख्या जगात चकत्या लावतेत. तुमाला बसवता येत न्हाई आसं म्हणा की."

"बसवल्यात दादा. माझ्याच्यानं जेवढं होतं तेवढं बसवल्यात."

"मग?"

"तुमी चालवा. मी मागं बसतो, ताई बसणार हायत तिथं. गढीवरनं माजलगावच्या रस्त्यानं जाऊ. पंचवीस किलोमीटरवर थांबायचं आन तुमी सवता नट बघायचे. हाललं न्हाई तर मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई."

निघताना पाना सोमनाथच्याच हातात दिला. सोमनाथनं त्यावर पाय देऊन दहाही नट आवळले. गाडी निघाली. छबुबाई रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती.

शहादेव पुढं सांगायचा की त्या प्रवासातलं त्याला काही दिसलं नाही. नुसता आवाज ऐकू यायचा. उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी हळू झाली की त्याला टकटक ऐकू यायची, वेग घेतला की नाहीशी व्हायची. गढी मागं पडली. ज्या ठिकाणी जीप कलंडली होती तो बांध आला आणि गेला. त्यानं दाराची मूठ इतकी घट्ट धरली होती की नंतर बोटं सरळ करायला दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागली.

सोमनाथनं एका रसवंतीजवळ गाडी थांबवली. आधी उजवीकडचे नट बघितले. पाचही घट्ट. तो हसला. मग डावीकडं आला आणि पाना लावला. पहिला घट्ट होता, दुसराही होता. तिसऱ्यावर पाना ठेवला आणि तो नुसत्या वजनानं फिरला. सोमनाथनं पाना काढला आणि नट बोटांनी धरला. तो फिरत होता. चौथाही फिरत होता.

रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. सोमनाथनं पाना खाली ठेवला.

"आमची राजू इथंच बसली असती," तो म्हणाला.

नट आवळून, वीसच्या वेगानं, दर पाच किलोमीटरला थांबत ते परत आले. आप्पाराव तिथंच खुर्चीवर होते. सोमनाथनं मान हलवली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जुनी चाकं लावा."

जुनी चाकं लावली तेव्हा नवी काळजी उभी राहिली. कापलेल्या मडगार्डच्या त्या मोठ्या तोंडात जुनं अरुंद चाक केविलवाणं दिसायला लागलं. रुंद घेराच्या विजारीत काटकुळा पाय. सोमनाथनं बघितलं आणि तोंड फिरवलं. "यापेक्षा भाड्याची गाडी बरी," म्हणून निघून गेला. लग्नाला सात दिवस राहिले होते, आणि आप्पारावांच्या बापाची गाडी शहादेवनं स्वतःच्या हातानं विद्रूप केली होती.

दोन दिवस तो चाकासमोर नुसता बसून होता. तिसऱ्या दिवशी त्याला उस्तादांनी दाखवलेली एक गाडी आठवली. त्या काळच्या काही दिमाखदार गाड्यांना मागच्या चाकावर पत्र्याचा पडदा असायचा. चाकाचा वरचा अर्धा भाग झाकायचा, खालचा तेवढा दिसायचा. गाडी जमिनीवरून तरंगत चालल्यासारखी वाटायची. उस्ताद त्याला नकाब म्हणायचे.

भंगारात एका ॲम्बॅसडरचं टप पडलं होतं. तेवढा जाड पत्रा आता नवा मिळत नाही. बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यानं माप घेतलं आणि वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोडीनं फुगवायला लागला. एक बाजू जमली की दुसरी तिच्यासारखी होईना. शिवाय पडदा चाकाला घासला तर? खड्ड्यात गाडी दबली तर? चाक पंक्चर झालं तर? त्यानं आतून तीन बोल्टची जागा केली, म्हणजे पडदा पाच मिनिटांत उतरला पाहिजे. मग मागच्या सीटवर सिमेंटची चार पोती ठेवून, टायर आणि पत्रा यांत बोटं घालून फट मोजली. दोन बोटं जात होती. तरी त्यानं पुन्हा मोजली.

याच दिवसांत एका सकाळी तो मोटारसायकल काढून भारतच्या गावी गेला. आपण सांगायच्या आधी दुसऱ्यानं सांगितलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे भय त्याला स्वस्थ बसू देत नव्हतं. भारत शेळ्यांना पाला टाकत होता. उज्ज्वला ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. शहादेवनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चकत्या कशा कातल्या, बोल्ट कसे तुटले, ते खिशात कसे घातले.

भारतनं पाल्याची पेंढी खाली टाकली आणि गोठ्याच्या मागं निघून गेला. तो पुन्हा आला नाही.

उज्ज्वला मात्र सोलायची थांबली नव्हती. थोड्या वेळानं तिची बोटं थांबली.

"भावजी, मी त्या वक्ताला जाड होते," ती म्हणाली. "सासूबाई मरंपर्यंत म्हणायच्या, हिच्या वजनानं जीप कलंडली. मलाबी तसंच वाटायचं."

शहादेवनं खाली सांडलेल्या शेंगा उचलून तिच्यापुढं ठेवल्या.

"आठ वरसं कावून गप राहिले?" तिनं विचारलं.

"भ्यालो."

"मीबी भ्याले असते," ती म्हणाली. "पर तुमी आता जावा. हे मागून यायच्या आत जावा."

लग्नाच्या दिवशी दोन्ही पडदे चढले होते. छबुबाईनं शेवटचा हात फिरवला आणि डोळे उघडून मान डोलावली. गाडी गडद हिरवी, खाली चाकाची नुसती पांढरी कड दिसणारी. मांडवात म्हातारी माणसं गाडीभोवती जमली. आप्पाराव काठी बगलेत धरून मागच्या बाजूला गेले, पडद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाबांच्या वक्ताला हे नव्हतं."

"न्हाई आप्पा. कापलेलं झाकायला केलंय."

"झाकलंय, पर चांगलं झाकलंय," आप्पाराव म्हणाले.

सोमनाथ चालवायला बसला. राजनंदिनी आणि तिचा नवरा मागं. शहादेवला कुणी बोलावलं नव्हतं. तो मोटारसायकलवर गाडीच्या मागं निघाला. मागं छबुबाई, तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत जॅक आणि पाना. आणि निघाल्यावर पहिल्याच मैलात त्याच्या लक्षात आलं की चाकाचे नट दिसायला हवेत तेच दिसत नाहीत. पडदा त्यानंच लावला होता. चाक डगमगतंय का, एका अंगाला झुकतंय का, काहीच कळत नव्हतं. फक्त खालची पांढरी कड गरगर फिरत होती, आणि तो तिच्याकडं इतका टक लावून बघत होता की छबुबाईनं दोनदा त्याच्या खांद्यावर मारून समोर टेम्पो असल्याचं सांगितलं.

वडवणीच्या पुढं आवाज आला. खडखड, मग बंद, मग पुन्हा खडखड. शहादेवनं हॉर्न दाबून धरला. गाडी थांबली. तो धावत गेला, रस्त्यावर आडवा झाला आणि बोल्ट काढून डावा पडदा उतरवला. नट बघितले. उलट्या आट्याचे जुने पाच बोल्ट, पाचही घट्ट. उजवे बघितले, तेही घट्ट. तेवढ्यात छबुबाईनं डिकी उघडली आणि आतून पूजेचा तांब्या काढून त्याच्यापुढं धरला. तो डिकीत लोळत होता.

राजनंदिनी शालू सावरत खाली उतरली होती. "काका, पाणी घ्या," ती म्हणाली. सोमनाथ आरशातून बघत होता. पुढं त्यानं गाडी हळू घेतली.

नारायणगडावर गाडी पोचली तेव्हा ऊन कललं होतं. मंडळी दर्शनाला गेली, छबुबाईही गेली. शहादेव गाडीपाशीच थांबला. पडद्याखालून हात घालून त्यानं हबला बोटं लावली. कोमट होता, म्हणजे बेअरिंग बरोबर होतं. मग दुसऱ्या बाजूचं बघितलं. तेही कोमट. अजून परतीचा प्रवास होता, आणि तोही त्यानं तसाच केला.

शेड अजून तिथंच आहे. जागेबद्दल कुणी काही बोललं नाही, कागदही झाला नाही. सोमनाथ रस्त्यानं जाताना थांबत नाही. भारत बोलत नाही. दिवाळीत उज्ज्वलानं कुणाबरोबर तरी शेंगांची पिशवी पाठवली. ती छबुबाईनं घेतली, पण शहादेवनं त्यातली एकही शेंग फोडली नाही.

परवा एक जण नवी जीप घेऊन आला. मागची चाकं बाहेर काढायची होती. शहादेव नाही म्हणाला. गिऱ्हाइकानं कारणही विचारलं नाही, रस्त्यापलीकडच्या गॅरेजात गाडी लावली. शहादेव टिप्परचं फळकं ठोकत होता, पण त्याचं लक्ष पलीकडंच. चाकं चढली आणि जीपमध्ये मागं दोन बाया बसायला लागल्या तशी त्यानं हातोडी ठेवली, पाना उचलला आणि रस्ता ओलांडला.

"आता काय पायजे बे तुला?" पलीकडचा मिस्त्री म्हणाला.

"काय न्हाई. डाव्या बाजूचं जरा बघू द्या," शहादेव म्हणाला आणि चाकापाशी खाली बसला.